नळी काढताना मारायची हाक

"हाक कुणाला मारता तुमी?" छातीतली नळी काढायच्या आधी आमचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला हे विचारायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरच्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. मार लागून छातीत हवा साठली आणि फुफ्फुस मिटलं, की डॉक्टर बरगड्यांमधून नळी घालायचे. त्याच वेळी भोकापाशी एक टाका घालून दोऱ्याची टोकं मोकळी ठेवायचे. फुफ्फुस पुन्हा फुगलं की मी नळी ओढायची आणि त्यांनी त्याच क्षणी दोरा आवळायचा. नेमका तेव्हाच पेशंटनं श्वास आत घेतला, तर भोकातून हवा शिरलीच म्हणून समजा! हाक मारताना श्वास बाहेर जातो, म्हणून ही युक्ती.

टाक्यावर तर त्यांचा भारी जीव. आधी बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घालायचे. पण व्रणाला चुण्या पडतात म्हणून तो सोडला आणि कडा सरळ जुळवणारा टाका धरला. "छाती हाय राव, पिशवी न्हाई," म्हणायचे. बोलणं अस्सल घोडेगावचं.

नळी काढताना कुणी मेंढरांना हाक मारायचं, कुणी बैलांना. मला बाई हसू आवरायचं नाही.

डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला, की मला घाटघरकडची एक सून आठवते.

तिला म्हशीनं शिंग मारलं होतं. नवरा कामाला लांब, सोबतीला म्हातारा सासरा. पहिल्या वेळी ती गप्पच राहिली, नळी ओढताच दचकून श्वास घेतला आणि फुफ्फुस पुन्हा मिटलं. परत नळी घालावी लागली. आता तिसऱ्यांदा पोरीला सोसणार नाही, हे आम्हाला दिसत होतं.

"मारा की हाक, ताई!"

"मामा हायेत," ती पुटपुटली. सासऱ्यासमोर सुनेनं आवाज काढायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत.

डॉक्टरांनी म्हाताऱ्याला चहा आणायला पिटाळलं. तरी हिनं मान हलवली. "हितं कोन हाय माजं? कुनाला मारू?"

"इतके दिवस भाकर कुणी चारली तुमाला?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग डोळे मिटून ओरडली, "मामाऽऽऽ!"

मी नळी ओढली. डॉक्टरांनी दोरा आवळून गाठ मारली, छातीला स्टेथोस्कोप लावला. हवा दोन्ही बाजूंना नीट जात होती. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात म्हातारा धापा टाकत आला. हातात चहा नाही, पायात चपला नाहीत. "काय झालं पोरी?"

"काय न्हाई बाबा. बरी हाय ती," डॉक्टर म्हणाले.

म्हातारा खाटेशी मटकन बसला. "लगीन होऊन आली तवापास्नं पयल्यांदा हाक मारली हिनं मला," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"रडू नगा मामा," सून म्हणाली, चांगलं मोठ्यानं.

जखमेवरची पट्टी अजून बांधायची होती. डॉक्टरांनी ती माझ्या हातात दिली आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.