चाचांचा उन्हाचा डबा

निजामाच्या अख्ख्या राज्यात सूर्याशी उघड वैर धरलेला माणूस एकच होता, आणि तो आमच्या पुसेगावात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. धंदा कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. पण फाल्गुन सरला की पिंजण खुंटीला आणि रॉकेलचा रिकामा डबा गळ्यात. सरकारी दवंडी बाजाराची यायची, हरवलेल्या ढोराची यायची. उन्हाची कधी आली नाही. ते खातं चाचांनी आपणहून घेतलं. डबा थांबून थांबून वाजला तर डोक्याला फडकं बांधा, खिशात कांदा ठेवा. अखंड बडवला तर घराबाहेर पाऊलच नको. आणि हे सांगत स्वतः मात्र ऐन बारा वाजता, उघड्या टकलानं, गावभर! चाची दारातून ओरडायची, "अजी, टोपी तरी घाला!" त्यावर उत्तर ठरलेलं, "टोपी घातल्यावर ऊन किती हाय ते मला कसं कळंल?"

उन्हाचा अंदाज घ्यायची त्यांची तऱ्हा तर विचारूच नका. दारात एक तांबडी कोंबडी होती. ती चोच वासून धापा टाकायला लागली की चाचा डबा उचलायचे. कोंबडी तरणी होती तोवर हे बराबर जमलं. पुढं तिला दमा लागला, आणि पौषातल्या हुडहुडीत, आम्ही शेकोटीभोवती बसलेलो असताना, चाचा अखंड डबा बडवत आले! "लेकरांनो, घरात जा, झळा सुटून राहिल्या!" दात त्यांचेच वाजत होते. गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून डबा वाजला की लोक विचारायचे, "चाचा, कोंबडीची तबियत कशी हाय?" चाचा रागवायचे नाहीत. "हसा. पण सावलीत बसून हसा," म्हणायचे.

एका वैशाखात आमच्या ताईचं लग्न निघालं. नवरा कनेरगाव नाक्याचा. त्याला बाबा पाहून आले होते. ताईनं पाहिलं नव्हतं, तेव्हाची रीतच तशी. "रागीट असंल का गं? माणसाला माणूस म्हणंल का?" असं विचारून तिनं माझं डोकं खाल्लं होतं, आणि एकटी असली की रडायची. मुहूर्त गोरज, म्हणजे वऱ्हाडाच्या बैलगाड्या भर दुपारी वाटेत असणार. चाचांनी बाबांना गाठलं. "कोंबडी लई तकलीफमध्ये हाय. वऱ्हाड सावलीला थांबवा." बाबा मांडवाच्या गडबडीत. ते फिस्सकन हसले. चाचांनी डबा गळ्यात घातला आणि वऱ्हाडाला सांगायला रस्त्याला लागले.

गोरज टळली तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. मांडवात कुजबुज सुरू, आईचा जीव टांगणीला, ताई पांढरीफटक. लग्न मोडलं असंच सगळे धरून चालले. बाबा संतापून वाटेला लागले, मी मागोमाग. कोसभरावरच्या आमराईत गाड्या सोडलेल्या, आणि मधोमध चाचा आडवे! ते डबा बडवत वऱ्हाडासमोर पोचले आणि तिथंच भोवळ येऊन पडले होते. अहो, गावाला ऊन सांभाळा म्हणणाऱ्या माणसाला ऊनच लागलं! डोकं नवरदेवाच्या मांडीवर. नवरदेवानं आपला जरीचा फेटा सोडून, विहिरीच्या पाण्यात भिजवून त्यांच्या टकलावर ठेवलेला, आणि कांदा फोडून तो त्यांच्या तळहातांना चोळत होता. त्याचे वडील घाई करून करून थकले होते. पोरगा हलेना. "मुहूर्त दुसरा मिळंल. गाडीचे धक्के ह्यांना सोसायचे न्हाईत, आणि असं टाकून मी येत न्हाई."

बाबांची चाहूल लागताच चाचांनी डोळे किलकिले केले. "तुमी काहून आले उन्हात? डबा ऐकला न्हाई का?" दिवस केव्हाच बुडाला होता. बाबा त्यांच्या उशाशी बसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

परतल्याबरोबर मी ताईला सगळं सांगितलं. तिनं डोळे पुसले, आणि मग काही ती रडली नाही. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी लागलं. निघताना ती आधी चाचांच्या पाया पडली. चाचा ओशाळून म्हणाले, "बेटी, माझ्यापायी तुझा मुहूर्त चुकला." ताई म्हणाली, "चुकू द्या, चाचा. माणूस कसा हाय ते मला अक्षता पडायच्या आधी कळलं. कोणत्या पोरीला कळतंय?"

चाचा गेले तेव्हा चाचीनं तो डबा ताईकडं पाठवला. कनेरगावात आता आमचे दाजी उन्हाळ्यात तो वाजवतात, टोपी घालून. लोक हसतात म्हणे. आमच्या गल्लीत मात्र वैशाखातली दुपार न सांगताच चढते. बाहेर पडताना मी अजून कांद्याच्या टोपलीत हात घालते, दारात जरा थांबून कान देते, आणि चाचांची फार आठवण येते.