बारवेतलं मखमली पान

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच विसरलो. एका कुंडीच्या चोरीची ती घटना मात्र आजही आठवते, आणि आठवली की हात जोडावेसे वाटतात.

बाहत्तरचा दुष्काळ होता. मी भिंगारला नवा फौजदार. सकाळची हजेरी आटोपली आणि एक वयस्कर बाई ठाण्यात आल्या. त्यांचे पती लष्करात अधिकारी होते, वर्षापूर्वी वारले. त्यांनी परदेशातल्या पावसाळी जंगलातलं, अळूसारख्या पानांचं अँथुरियमचं झाड आणून व्हरांड्यात स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवलं होतं. ती कुंडी नाहीशी झाली होती.

"माळ्यानंच नेली," बाई म्हणाल्या. "तसं निघालं तर आजच त्यानं खोली सोडायची."

माळी म्हातारा. बंगल्यामागची ती खोली सोडून त्याला जगात जागा नव्हती.

हवालदारांनी डायरीत 'शोभेचा अळू, कुंडी एक' असं लिहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "बाईसाहेब, याच्या वड्या होतात का?" बाई अशा संतापल्या की मला खाली बघून हसू गिळावं लागलं.

दुपारी एका टांगेवाल्यानं खबर दिली, "त्यो माळी रोज वलं फडकं घिऊन माळाकडं जातुया सायेब. करतंय काय, द्येव जाने."

माळ्याला बोलावलं. तासभर एकच जबाब: "मला ठावं न्हाई." खोटं बोलणाऱ्याचे डोळे तयार होतात, हात होत नाहीत. म्हातारा सारखी बोटं चोळत होता. शेवटी त्यानं धोतराच्या सोग्यातून चिंचेचं बुटुक काढलं आणि बोटांना लावलं. माझी आई अळू चिरल्यावर खाज जावी म्हणून हेच करायची. मी सहज म्हणालो, "काय बाबा, अळू चिरला वाटतं?"

म्हातारा ताडकन उठला. "चिरतंय कोन? अळू न्हवं ते! एक सडकं पान तेवढं खुडलं, त्याचा चीक लागला."

बोलून गेला आणि मटकन खाली बसला.

बाईंना बरोबर घेऊन, म्हाताऱ्याच्या मागोमाग आम्ही माळावरच्या पडक्या बारवेत उतरलो. वर सगळं रान करपलेलं. खाली तळाशी हातभर शेवाळलेलं पाणी, अंगाला लागणारा गारवा, आणि शेवटच्या पायरीवर ती कुंडी, शेजारी पानं पुसायचं ओलं फडकं. मी टोपी काढली. काळपट हिरवं, सुपाएवढं पान, मखमलीसारखं. त्यावर चांदीच्या तारेनं काढाव्यात तशा शिरा. मधोमध एक नवं पान उलगडत होतं, तांबूस आणि ओलं. असा जीव त्या वर्षी आमच्या मुलखात जिवंत होता, यावर माझा विश्वास बसेना.

"मला सांगितलं का नाहीस?" बाईंनी विचारलं.

"दोनदा सांगितलं, बाई. व्हरांड्यात पानं जळत्यात म्हनलं. तुमी म्हनला, सायबांच्या खुर्चीपासनं हालवायचं न्हाई."

बाई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसून एवढंच म्हणाल्या, "उद्या खुर्ची इथं आणून ठेव."

कुणी नेलं हे शोधायला मला शिकवलं होतं. नेलं नसतं तर काय झालं असतं, हे विचारायला त्या म्हाताऱ्यानं शिकवलं. तक्रार उरली नाही. डायरीत वस्तू मिळाल्याची नोंद केली आणि तिच्या स्थितीपुढे नेहमीच्या 'सुस्थितीत'ऐवजी 'जिवंत' लिहिलं. वरिष्ठांनी त्याखाली लाल रेघ मारून खुलासा मागवला.

मी उत्तर पाठवलं: 'समक्ष येऊन पाहावे.'