हाताच्या अंतरावरचा फवारा

तनिषाचा फोन आला तेव्हा सुलक्षणा दुकानाच्या मागच्या खोलीत डबा खात होती. लंडनच्या हॅरो भागातल्या एका औषधांच्या दुकानात ती सोळा वर्षं फार्मासिस्ट होती. दुपारच्या त्या वीस मिनिटांत तिला कुणी हाक मारायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीचा आवाज ऐकला आणि तिने चमचा खाली ठेवला.

"आई, आमच्या टीममधल्या मेगनवर काल अस्वल धावून आला."

"अगं बाई! लागलं का तिला?"

"खांदा फाटलाय. हॉस्पिटलमध्ये आहे. आई, तिच्याकडे बेअर स्प्रे होता. पण तो बॅगमध्ये होता आणि बॅग पाठीवर होता. ती झिप उघडत होती तेवढ्यात..."

तनिषा हॅरोतच जन्मलेली. तिच्या मराठीत बॅग कधी 'तो' व्हायची, कधी 'ती', आणि घाबरली की सगळंच 'तो' व्हायचं. दोन वर्षांपूर्वी ती कॅनडाला गेली आणि डोंगरातल्या सायकलवाटा राखण्याचं काम करू लागली. ऑगस्टमध्ये आईने तिकडे यायचं, दोघींनी मिळून सायकली चालवायच्या, असं ठरलं होतं. तिकिटंही काढून झाली होती.

"तू नको येऊस," तनिषा म्हणाली. "किंवा ये, पण सायकल नको."

सुलक्षणाने डब्याचं झाकण लावलं. मग तिने विचारलं, "तो स्प्रे कुठे लावायचा असतो? नीट सांग मला."

बावन्नाव्या वर्षी माउंटन बाइक चालवणारी बाई म्हणून हॅरोच्या मराठी मंडळात तिची थोडी थट्टा व्हायची. नागपूरला कॉलेजात असताना ती लेडीज सायकल दामटायची. लग्न होऊन इथे आली, आणि नोकरी, मुलगी, सासूबाईंचं आजारपण यांत वीस वर्षं सायकलीला हात लागला नाही. तनिषा गेली तेव्हा तिची जुनी माउंटन बाइक शेडमध्ये उरली. एका रविवारी सुलक्षणाने टायरमध्ये हवा भरली, गल्लीत एक चक्कर मारली, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. ऑफिसच्या कामापायी पाठ धरलेला, पुण्याहून आलेला अवधूत तिला मंडळातच भेटला. चाळिशीही न गाठलेला, पण जिने चढला की दम लागायचा. दर शनिवारी दोघं मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीने सायकली घेऊन चेशमला जायचे आणि बीच वृक्षांच्या जंगलांतून चार तास हिंडून यायचे. तो तिला सुलक्षणाताई म्हणायचा आणि चढावर तिच्या मागे राहायचा.

स्प्रेबद्दल तिने सगळं वाचून काढलं. तिखटाचा अर्क जोरात बाहेर फेकणारा डबा. अस्वल नऊ-दहा मीटरवर आलं की किंचित खाली रोखून मारायचा, म्हणजे ते त्या ढगातून धावत येईल. वारा आपल्याकडे येत असेल तर आपलेच डोळे जातील. वरची पिन अंगठ्याने काढायची, पण वेळ येईपर्यंत ती जागेवरच हवी, नाहीतर पडलो की डबा आपल्यावरच फुटायचा. उन्हात गाडीत ठेवायचा नाही. आणि इंग्लंडमध्ये तो जवळ बाळगणं हाच गुन्हा. कायद्याच्या लेखी हत्यार. म्हणजे इथे सराव करायचा तर खोट्या डब्यावरच.

जयंतने, तिच्या नवऱ्याने, त्याच मापाचा एक बारीक स्टीलचा थर्मास शोधून काढला. त्याच्या तोंडाला कपड्यांचा चिमटा लावला, तीच पिन. सुलक्षणाने तो सायकलच्या दांड्यावर, पाण्याच्या बाटलीच्या जागी बसवला. हात खाली, थर्मास वर, चिमटा उडव, समोर धर. मागच्या अंगणात, ट्रेलवर, सिग्नलला थांबली की तिथेही. तीन आठवड्यांत तिचा हात न बघता जायला लागला.

"दीड सेकंद," जयंत घड्याळ बघत म्हणाला. "पण मला हे काही पटलेलं नाही. हौसेपायी जीव धोक्यात कशाला?"

"ती तिथे रोज राहते रे," सुलक्षणा म्हणाली.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी ऊन चांगलं होतं. जंगलातून बाहेर पडल्यावर वाट एका कुरणातून जात होती. फाटकावर पाटी होती : गाई आणि वासरं. सुलक्षणा आणि अवधूत सायकलींवरून उतरले आणि कुंपणाच्या कडेने सायकली हाताने ढकलत निघाले. पुढे चाळीस-पन्नास पावलांवर एक म्हातारा इंग्रज गृहस्थ चालला होता. त्याच्या हातातल्या पट्ट्याला तपकिरी रंगाचा छोटा कुत्रा होता.

गाई कुरणाच्या मध्यावर होत्या. पंधरा-वीस असाव्यात. आधी एकीने मान वर केली, मग सगळ्यांनी.

"ताई, त्या आपल्याकडे बघताहेत," अवधूत म्हणाला.

"आपल्याकडे नाही. कुत्र्याकडे."

कुत्रा भुंकला. एवढंच निमित्त झालं. पुढची काळी गाय आधी चालू लागली, मग पळू लागली, आणि तिच्या मागून सगळा कळप. जमीन पायांखाली धडधडायला लागली. म्हाताऱ्याने वळून पाहिलं आणि नेमकं करायला नको ते केलं. त्याने कुत्र्याला उचलून छातीशी धरलं.

"त्याला सोडा!" सुलक्षणा इंग्रजीत जिवाच्या आकांताने ओरडली. "कुत्र्याला सोडून द्या! तो पळेल!"

त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून त्याचे हात सुटले नाहीत. काळ्या गाईने डोकं खाली घातलं आणि तो उडून आडवा पडला. कुत्रा निसटून कुंपणातून पसार झाला. पण गाय तिथेच थांबली. पडलेल्या माणसाला ती डोक्याने ढकलत होती, पुन्हा पुन्हा, जमिनीवर कणीक तिंबावी तसं. त्याच्या तोंडून आवाजही येत नव्हता.

आपण धावत का सुटलो हे सुलक्षणाला नंतरही सांगता आलं नाही. सायकल आडवी, ढालीसारखी समोर धरून ती "हाट! हाट!" करत गाईच्या अंगावर गेली. लहानपणी आजोळी गोठ्यात ऐकलेला शब्द तोंडात आला तो हाच. गाय वळली. तिचं कपाळ सायकलीला धडकलं, आणि सायकल सुलक्षणाच्या हातांतून अशी हिसकावली गेली की बोटं सोलवटली. सायकल तीन मीटर लांब, गाईच्या पायांपाशी जाऊन पडली.

आता दोघींच्या मध्ये काहीच नव्हतं.

त्याच क्षणी सुलक्षणाचा उजवा हात खाली गेला. आपोआप, शिकवल्यासारखा. बोटांनी हवा धरली. थर्मास सायकलीवर होता, सायकल गाईच्या खुरांखाली होती. त्यात पाणी होतं, तो मिळाला असता तरी उपयोग शून्य, हे तिला कळत होतं. तरीही तिला भीती घातली ती त्या रिकाम्या मुठीने. हा खरा डबा असता आणि हे अस्वल असतं, तरी हेच झालं असतं.

तिने दोन्ही हात वर केले, पाय रोवले आणि पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे घेतलं. गाईचा श्वास तिला ऐकू येत होता. मागून अवधूत आला. त्याची सायकल त्याने मागच्या चाकावर उभी धरली होती आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, मी हिला अडवतो इथे. तुम्ही त्यांना ओढा."

तिने म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले. तो जड नव्हता, पण ओरडला, आणि तो ओरडला याचाच तिला आधार वाटला. पावलागणिक ती त्याला कुंपणाकडे ओढत होती. अवधूत उलटा चालत, सायकल हलवत त्यांच्या पुढे. मग लांबून एक वासरू हंबरलं. काळ्या गाईने कान फिरवले, एकदा फुरफुरली, आणि वळून चालू लागली. कळप तिच्या मागे गेला.

फाटकाबाहेर आल्यावर अवधूतने रुग्णवाहिकेला फोन लावला. सुलक्षणा म्हाताऱ्याशेजारी गवतात बसली, त्याची नाडी धरून. त्याचं नाव ग्रॅहम. चार बरगड्या आणि गळपट्टीचं हाड मोडलं होतं, हे नंतर कळलं. तेव्हा तो एकच विचारत होता, "माझा कुत्रा?" वीस मिनिटांनी कुत्रा आपणहून आला आणि त्याच्या बुटावर डोकं ठेवून बसला. ते पाहून सुलक्षणाला रडू फुटलं.

घरी येईपर्यंत जयंतला अवधूतने सगळं सांगितलं होतं. जयंतने तिच्या बोटांना पट्ट्या बांधल्या. मग म्हणाला, "तिकीट रद्द करूया."

"नाही. तो डबा सायकलीवर ठेवायचा नाही, एवढंच."

"सुलक्षणा, आज तू मेली असतीस."

"हो. म्हणूनच सांगतेय. सायकल माझ्याजवळ राहील हे धरून चालले, ते चुकलं."

दुसऱ्या दिवसापासून थर्मास तिच्या कमरेच्या पट्ट्यावर आला. आधी उजव्या बाजूला लावला आणि ती मुद्दाम गवतावर पडून बघत राहिली. ती नेहमी उजवीकडेच पडते आणि थर्मास कमरेच्या हाडात रुततो, हे ध्यानात आलं. मग तो पुढे, पोटाच्या किंचित उजवीकडे, उभा लावला. तिथे पॅडल मारताना मांडीला लागत नव्हता, पडताना दाबला जात नव्हता आणि डावा हातही पोचत होता. तेही हवं होतं, कारण पडलं की कुठला हात मोकळा राहील सांगता येत नाही. शेजारची बाई कुंपणावरून बघत असायची. पन्नाशीतली बाई पुन्हा पुन्हा हिरवळीवर लोळते आणि नवरा घड्याळ घेऊन उभा, याचा तिने काय अर्थ लावला कोण जाणे. जयंतने तक्रार करणं सोडलं होतं. तो फक्त म्हणायचा, "डाव्या हाताने आणखी पाच वेळा."

ऑगस्टमध्ये ती गेली. तिथे पोचल्यावर खरा डबा विकत घेतला, मुदत तपासली, पिन तपासली. पहिल्या दिवशी दोघी मायलेकी मोकळ्या मैदानात वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि तनिषाने आईला एक जुना डबा पूर्ण मारून दाखवला. तो नारिंगी ढग विरेपर्यंत सुलक्षणा बघत राहिली.

सहाव्या दिवशी एका वळणावर अस्वल दिसलं. साठेक पावलांवर, झुडपात बेरी खात होतं. तनिषा कुजबुजली, "आई, थांब." पण आई थांबलेलीच होती. सायकल तिने अलगद आडवी ठेवली होती, डबा हातात होता, अंगठा पिनेवर होता. अस्वलाने मान वर केली. दोघी हलक्या आवाजात बोलत, पाठ न फिरवता मागे सरकल्या. ते चार मिनिटं त्यांच्याकडे बघत राहिलं. मग खाली उतारावर निघून गेलं. पिन जागेवरच राहिली. सुलक्षणाची बोटं डब्याभोवतीची सुटेनात. तनिषाने ती एकेक करून सोडवली.

परतीच्या दिवशी तनिषाने आईची बॅग दोनदा उपसली, चुकून डबा आत राहिला तर विमानतळावरच अटक व्हायची.

अवधूतकडून पत्ता घेऊन ग्रॅहम सप्टेंबरमध्ये दुकानात आला. हात अजून झोळीत होता. त्याने काउंटरवर दुखण्याच्या गोळ्या मागितल्या आणि मग ओळख दाखवली. सुलक्षणाने त्याला आत बसवून चहा दिला. त्या दिवसाबद्दल दोघंही फारसं बोलले नाहीत. कुरणात तुम्ही काय ओरडत होता, एवढं मात्र त्याने विचारलं. तिने 'हाट' म्हणून दाखवलं. त्याने दोन-तीनदा म्हणून पाहिलं, जमेना, आणि दोघं हसली. हसताना त्याच्या बरगड्या दुखल्या, म्हणून तो एकदम गप्प झाला आणि चहाचा कप मोकळ्या हाताने धरून बसून राहिला.