बंपरवरचा दोर

आमच्या घरी एक जीप होती आणि वडील तिच्याबद्दल जितकं बोलत तितकं आम्हा भावंडांबद्दल कधी बोलले नाहीत. लष्कराच्या लिलावातून आणलेली, पेट्रोलवर चालणारी, टपाच्या जागी ताडपत्री. रोह्याच्या आसपास आमची भाताची आणि वालाची शेती होती. तिथं जायला बैलगाडीची वाट पुरत होती, पण वडिलांना जीपच लागे. पावसात ओढा भरला की ते मुद्दाम जीप घेऊन निघत आणि पलीकडे जाऊन हात हलवत.

पेण ते रोहा या टापूत असे जीपवेडे चारपाच जण होते. त्यांत वडिलांचा खास दोस्त आणि खास वैरी म्हणजे खारातले काका. वडखळच्या बाजूला, खाडीच्या बांधाला लागून त्यांची मिठागरं होती. त्यांची जीप डिझेलची. वडील तिला भाताची गिरण म्हणत, कारण ती वडखळला सुरू झाली की पेणला ऐकू येते असं त्यांचं म्हणणं. काका आमच्या जीपला नवरीबाई म्हणत. "गिरण तर गिरण, दळते तरी," ते म्हणायचे. "तुमच्या नवरीबायला दर दोन कोसांवर पंखा घालायला लागतो."

पंख्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. उन्हातान्हात चढ लागला की आमच्या जीपचा पेट्रोलचा पंप तापायचा आणि ती गप्प व्हायची. मग ओलं फडकं पंपावर टाकायचं, विडी पेटवायची, विडी संपेपर्यंत थांबायचं. ती पुन्हा सुरू व्हायची. वडिलांच्या मते याला बंद पडणं म्हणत नाहीत. याला दम खाणं म्हणतात.

या मंडळींचा एक नेम होता. धरमतरच्या खाडीतल्या कुठल्याशा मालवाहू बार्जवरचा, मनगटाएवढा जाड एक दोर त्यांनी मिळवला होता. ज्याची जीप दुसऱ्याला ओढून काढावी लागेल, त्यानं तो दोर पुढच्या बंपरला गुंडाळून सगळीकडे मिरवायचा. दुसरा कुणी ओढला गेला की दोर त्याच्याकडे जायचा. मिठागरांच्या चिखलात, नदीच्या रेतीत, बांधांवर तो दोर सगळ्यांच्या बंपरवर फिरून आला होता. आमच्या जीपला मात्र तो कधीच लागला नव्हता. वडिलांचं सगळं बोलणं शेवटी इथंच येऊन थांबायचं.

मला या सगळ्याची लाज वाटायची. मी तेव्हा नुकताच रोह्याच्या एका कंपनीत लागलो होतो. बरोबरचे लोक स्कूटरचे हप्ते, क्वार्टर, बढती असलं बोलत, आणि माझे वडील पांढऱ्या टोपीत, ताडपत्रीच्या जीपमधून बाजारात हॉर्न वाजवत यायचे. मित्रांसोबत असलो तर मी दुकानात शिरायचो. त्यांनी मला पाहिलेलं असायचं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी गणपती आणायला पेणला मीच जीप घेऊन गेलो, कारण वडिलांच्या डोळ्याला रस्ता नीट दिसेनासा झाला होता. आमच्याकडे मूर्ती मांडीवर घेऊन आणायची रीत होती. कारखान्यातून एकदा उचलली की घराच्या उंबऱ्यापर्यंत ती खाली टेकवायची नाही आणि घेणाऱ्यानं मधे उतरायचं नाही. वडील पुढच्या सीटवर पाट मांडीवर घेऊन बसले. मूर्तीच्या तोंडावर रुमाल. मागून काका आपल्या गिरणीतून आले, दरवर्षी यायचे तसे. स्वतःचा गणपती ते आधीच घरी ठेवून आलेले असत. त्या साली दोर त्यांच्याच बंपरवर होता. उन्हाळ्यात ते बांधावरून घसरले होते आणि तेव्हापासून सगळे त्यांना चिडवत होते.

नागोठणं मागं टाकून खिंडीच्या चढाला लागलो आणि पावसाची एक सर जाऊन कडक ऊन पडलं. अर्ध्या चढात जीप गचके देऊन थांबली.

"फडकं भिजव नि टाक पंपावर," वडील शांतपणे म्हणाले. "गार झाली की उठेल."

माझी दुपारची शिफ्ट होती. मी घड्याळ बघत फडकं शोधत होतो तेवढ्यात मागून आमच्या कंपनीची बस आली. चढामुळे ती हळू झाली. खिडक्यांतून ओळखीची तोंडं बाहेर आली. "काय साहेब, ढकलू का?" कुणीतरी ओरडलं आणि सगळी बस हसली. माझे कान तापले. बस वळणाआड गेली तसा मी फडकं फेकून दिलं आणि काकांकडे गेलो.

"काका, दोर सोडा. ओढा आम्हाला."

"थांब की रं जरा," काका म्हणाले. "रुसलीय ती, मेली नाय."

"मला शिफ्टला जायचंय. तुमचे हे पोरखेळ पुरे झाले."

काकांनी माझ्या खांद्यावरून वडिलांकडे पाहिलं. दोर आपल्या गळ्यातून सुटावा म्हणून हा माणूस महिनोन्महिने टपलेला, पण त्यांनी हात मागं घेतला. "मी बांधायचा नाय. तुला वडून न्यायची तर तूच बांध."

मीच बांधला. वडील समोरच्या काचेतून बघत होते. मांडीवर गणपती, त्यांना उतरता येत नव्हतं, मला हाताला धरून थांबवता येत नव्हतं. एकदाच म्हणाले, "अरे, विडीभर थांब." मी वाकून गाठ आवळत होतो. ऐकू आलं होतं, पण मान वर केली नाही.

काका पुढे, आम्ही मागे, दोराच्या टोकाला. वाटेत पोरांनी गणपती पाहून मोरया केलं. टोपी पुढं ओढून वडील मूर्तीवरच्या रुमालाकडे बघत राहिले.

रोह्याच्या अलीकडे, निडीजवळ काकांनी आपणहून गाडी थांबवली. माझी गाठ ओढून घट्ट झाली होती, ती त्यांनी नखांनी, मग दातांनी सोडवली. दोर परत स्वतःच्याच बंपरला गुंडाळला. "आता बघ चालू होती का," मला म्हणाले. पहिल्या झटक्याला सुरू झाली. त्यांनी आम्हाला पुढं घातलं आणि अष्टमीच्या पुलावरून रोह्यात शिरताना आमची जीप पुढे आणि दोरवाली गिरण मागे होती.

मी शिफ्टला वेळेवर पोहोचलो. मशीन दुरुस्तीला काढलं होतं. आठ तास बाकावर बसून काढले.

वर्षभर दोर काकांच्याच बंपरवर राहिला. सगळे त्यांना हसत, तेही हसत. वडिलांनी तो विषय काढला नाही. उन्हाळ्यात बांधावर जीपा घालायला मंडळी जमली तेव्हा गुडघ्याचं कारण सांगून ते घरी बसले. मी स्वतःची समजूत घातली की विसरले असतील. त्यांना काही विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं, हेच खरं.

पुढच्या गणपतीला पेणच्या कारखान्यापुढे सगळ्या जीपा लागल्या होत्या. मूर्तींवर शेवटचा हात फिरत होता, मंडळी चहा पीत उभी होती. आंब्याची बाग असलेला त्यांच्यातला एक जण काकांना म्हणाला, "अजून दोर तुझ्याच गळ्यात? तुझी गिरण आता भंगारात घाल."

"हाय तर हाय," काका हसले. "सवय झाली मला."

वडिलांनी कप खाली ठेवला. काकांच्या जीपपाशी गेले आणि दोर सोडायला लागले. हसणं थांबलं.

"दादा, ऱ्हाऊ दे," काका हळूच म्हणाले. "मी काय बोललो का कुनाला?"

"तू नाय बोललास. म्हणून तर." वडिलांनी दोराचं वेटोळं दोन्ही हातांनी छातीशी धरून आणलं आणि आमच्या जीपच्या बंपरला गुंडाळलं. "गेल्या साली खिंडीत आमची ओढायला लागली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ते गाठ मारायला लागले, पण जाड दोर त्यांच्या बोटांना आवरेना. दोन वेळा दोर सुटला.

मग ते बाजूला झाले आणि माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता.

"गाठ तू मार. तुला येते."

मी गुडघ्यावर बसलो आणि सगळ्यांसमोर ती गाठ मारली. लाजेनं वर बघवेना. बंपरखालून वडिलांच्या वहाणा दिसत होत्या. गाठ मारून झाली तरी मी दोर हातात धरून तसाच बसून राहिलो.