पेन्सिलनं लिहायची नावं

आमच्या रसायनशास्त्र विभागात एचपीएलसीचं एकच यंत्र आहे आणि त्याची एक वही. अर्कात काय काय आहे ते हे यंत्र वेगळं करून दाखवतं. पीएचडी करणाऱ्यांनी वहीत आपली वेळ लिहून ठेवायची. एक नियम कुठंच लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. विभागप्रमुखांचे विद्यार्थी पेनानं लिहितात, राखीव जागेवरून आलेले पेन्सिलनं. पेन्सिलचं नाव गरज पडली की खोडता येतं.

मीही पेन्सिलवालाच. सात वर्षं रेटली, तोंडातून चकार शब्द काढला नाही, म्हणून टिकलो आणि त्याच विभागात मास्तर झालो. या टिकण्याचा मला भारी माज होता.

माझ्याकडं आलेली पहिली विद्यार्थिनी टेंभुर्णीजवळच्या वस्तीवरची, माझ्याच समाजातली. तिच्या घरात कॉलेजची पायरी दुसऱ्या कुणी चढलेली नव्हती. विषय तरवडाच्या फुलांचा. सकाळी बांधावरची फुलं तोडायची, एसटीनं सोलापूरला आणायची, अर्क काढायचा आणि दोन दिवसांत यंत्रावर लावायचा, नाहीतर तो बिघडतो. पहिल्याच दिवशी मी तिच्या हातात पेन्सिल दिली.

"सर, नाव माझंच हाय की. मग पेन्सिलनं कशाला?"

"टिकायचंय ना? मग गप लिही."

दोन वर्षं तिनं गप लिहिलं. नाव खोडलं गेलं की ती दुसऱ्यांची काचेची भांडी घासत बसायची, कुणीतरी वेळ सोडेल या आशेवर. मी येता-जाता बघायचो. खरं सांगतो, मला बरं वाटायचं. जे मला सोसावं लागलं ते हिला सोपं का मिळावं?

तिसऱ्या वर्षी बहर संपत आला. आधीचे दोन अर्क वेळ न मिळाल्यानं वाया गेले होते, हातात शेवटचा. त्या दिवशी तिनं वहीत निळ्या पेनानं नाव लिहिलं, ठसठशीत. तासाभरात विभागप्रमुखांचं बोलावणं आलं. त्यांच्या एका विद्यार्थ्याला नेमकी तीच वेळ हवी होती.

"तुमच्या मुलीला जरा समजावा. तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार! हा शब्द मी इतकी वर्षं मिरवत आलोय. मी यंत्राच्या खोलीत गेलो आणि माझ्या पेनानं तिच्या नावावर दोन रेघा मारल्या. ती अर्काची बाटली हातात धरून शेजारीच उभी होती.

"सर, ही शेवटची फुलं हुती. आता न्हाय मिळायची."

"पुढच्या वर्षी येतील की," मी म्हणालो.

महिन्यानं तिची सहामाही प्रगती तपासायची बैठक झाली. दाखवायला तिच्याकडं काहीच नव्हतं. 'प्रगती असमाधानकारक' या शेऱ्याखाली तीन सह्या झाल्या, तिसरी माझी. ती पुन्हा आली नाही. का आली नाही, हे विचारायलाही कुणी गेलं नाही.

यंदा वरून पत्र आलं. राखीव गटातले विद्यार्थी पीएचडी अर्ध्यात का सोडतात, त्यांना टिकवायचं कसं, अहवाल द्या. समितीचा अध्यक्ष कोण, तर मी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथं दांड्यालाच झाडं राखायला बसवलं होतं.

सोडून गेलेल्यांकडून फॉर्म भरून घ्यायचे होते. ती चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे असं कळलं. दुपारी पाळी सुटायच्या वेळी मी फाटकापाशी स्कूटर लावली. मला बघून ती थांबली, नमस्कारही केला.

"बरी आहेस ना?"

"बरी हाय. हितं तेच यंत्र हाय, सर. माझ्याच ताब्यात."

फॉर्म स्कूटरच्या सीटवर ठेवून ती वाचायला लागली. मी खिशातलं पेन पुढं केलं. तिनं आपल्या पर्समधून पेन्सिल काढली.

"ऱ्हाऊ द्या पेन. तुमाला खोडायला सोपं."

ती रागावून बोलली असती तर मी सुटलो असतो. ती अगदी साधेपणानं बोलली, एखादं काम समजावून सांगावं तशी. सोडण्याच्या कारणापुढं तिनं एकच ओळ लिहिली: माझं नाव माझ्या सरांनी खोडलं.

तो कागद जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये टेबलावर दोन दिवस पडून होता. जेवण जात नव्हतं, लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. मी मुलाच्या दप्तरातला खोडरबर घेतला. तिनं पेन्सिल दाबून लिहिलं नव्हतं, ओळ एका फटक्यात गेली. त्या जागी मी पेनानं लिहिलं: वैयक्तिक कारण.

अहवालातली पहिली शिफारस अशी आहे: या विद्यार्थ्यांना त्यांचं दुःख समजणारे मार्गदर्शक नेमावेत. सोबत अशा मार्गदर्शकांची यादी जोडली आहे. त्या यादीत पहिलं नाव माझं आहे.