खाडीपलीकडचं कुमसार

लग्न होऊन शिरोड्याजवळच्या या घरात आले, तेव्हा मला एकच गोष्ट उत्तम येत होती: मला सगळं येतं असं सांगणं. सासूबाईंनी ते खरं मानलं आणि पहिल्याच नाताळाला दोदोलाचं तांब्याचं भांडं माझ्या हवाली केलं. दोदोल म्हणजे गूळ, नारळाचा रस आणि तांदळाचं पीठ. चुलीवर चढवायचा आणि तेल सुटेपर्यंत ढवळत राहायचं. राहायचं म्हणजे राहायचंच. तिथे हुशारीला काही काम नसतं, म्हणून तर मी नापास झाले.

कुंपणापलीकडे शेजारीण आली. माझ्या थोरल्या जावेचा दोदोल म्हणे गेल्या वर्षी दगडासारखा झाला होता. असली बातमी चुलीपाशी बसून नीट ऐकू येत नाही, उठावंच लागतं. उठले, ऐकलं, पदरच्या दोन गोष्टी घातल्या. परत येते तर करपलेल्या गुळाचा वास अंगणापर्यंत मला घ्यायला आलेला.

सासूबाई मागच्या दाराने धावत आल्या. "कोणी गो जाळल्यान ह्यो?"

"बायन लाकडां चडवली," मी म्हटलं. बाय म्हणजे माझी जाऊ.

ती नेमकी लाकडाची मोळी घेऊन दारात उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, मोळी खाली ठेवली आणि सासूबाईंचं सगळं बोलणं मुकाट ऐकून घेतलं. बायबलात प्रभू येशूला त्याच्या शिष्याने नाकारलं, तेव्हा कोंबडा तरी आरवला. आमचा कोंबडा आदल्याच रविवारी वड्यांबरोबर संपला होता. त्यामुळे मला जागं करणारं कोणी उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून जाऊ माझ्याशी बोलेना. जेवायला वाढायची, पण "घे गो" नाही. आणि नाताळ तर तोंडावर आलेला. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आम्ही दोघी एकाच बाकावर बसणार, एकामागोमाग वेदीपुढे जाऊन पवित्र भाकर घेणार, आणि माझ्या जिभेवर ते खोटं तसंच. ते काही मला गिळवेना. कुमसार करायलाच हवं होतं, म्हणजे फादरांपुढे गुडघे टेकून पाप कबूल करणं. पण आमचे फादर दर रविवारी आमच्याकडे चहाला. कुमसाराच्या जाळीआडून माझी नुसती शिंकसुद्धा त्यांनी ओळखली असती. मग माझ्या सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. बाजाराला जाते असं सांगून मी आरोंद्याची एसटी धरली आणि खाडी ओलांडून पलीकडच्या गावातलं चर्च गाठलं. जणू देव आमच्या हद्दीपुरताच ऐकतो!

तिथल्या म्हाताऱ्या फादरांपुढे मी आधी बारीकसारीक पापं मांडली. तेर्स, म्हणजे संध्याकाळची जपमाळ, म्हणताना डुलकी लागली, नणंदेवर रागावले. मग मध्येच हळूच दोदोल सरकवला.

"थांब," ते म्हणाले. "बोलणी कोणी खाल्ली?"

"जावेने."

"मग हे तिला सांगायचं. हेच तुझं प्रायश्चित्त."

"फादर, त्यापेक्षा तेर्स सांगा. दोन सांगा, गुडघ्यावर म्हणते!"

"तेर्स तुला सोपा जाईल, म्हणून तर सांगत नाही. देव माफ करतोच, बाई. पण करपलेलं भांडं घासायला कोणी चर्चमध्ये आणत नाही. जिथे करपलं, तिथेच घासायचं."

बाहेर आले ती हिशेब करतच. नाताळ झाला की सांगू, किंवा ईस्टर बरा. तर शेवटच्या बाकावर, डोक्यावर पदर ओढून, माझी जाऊ!

"बाय, तू हंय?"

"तू कित्याक इलंस?"

"बाजाराक."

तिने वेदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्या बाजारात?"

मला आधी हसू फुटलं आणि मग रडू. ईस्टरपर्यंत थांबायची सोय देवाने ठेवलीच नव्हती. तिथेच, तिच्या कानाशी लागून, सगळं सांगितलं. कुंपण, शेजारीण, दगडासारखा दोदोल, सगळं.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "थंयच उभी होतंय मां मी. आता माजां ऐक. मी तुका शाप दिलंय."

"कसलो?"

"तुज्यो नेवऱ्यो तेलात फुटांदेत म्हणान."

आदल्या संध्याकाळी माझी एकूणएक नेवरी, म्हणजे करंजी, कढईत फुटली होती, आणि मी तेव्हापासून गिरणीवाल्याच्या पिठाला नावं ठेवत होते.

दोघी तोंडात पदर कोंबून एवढ्या हसलो की फादरांनी पडदा सारून पाहिलं. मग ती कुमसाराला आत गेली आणि मी तिच्यासाठी थांबले. या घरात आल्यापासून मी तिच्यासाठी पहिल्यांदाच थांबले असेन.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. बुडाला काळा गूळ धरलेलं ते भांडं त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. ते पुढ्यात सरकवून म्हणाल्या, "घास." राख आणि नारळाची शेंडी घेऊन मी बसले. पाणी जाऊ घालत होती.

नाताळच्या मिस्सेत वेदीकडे जाताना तिने मला पाठीत कोपराने ढोसलं, "चल गो, नेवरी." तेच माझं नाव पडलं. मी पणजी झाले तरी तिच्या तोंडी अजून तेच आहे.

तो दोदोल चांगला झाला असता, तर मी फार मोठी सुगरण म्हणून मिरवले असते आणि ही बाई मला कधी मिळालीच नसती. म्हणून नाताळच्या प्रार्थनेत मी दरवर्षी करपलेल्या गुळाचेसुद्धा आभार मानते.

गेल्या नाताळात नातसुनेने दोदोल लावला. तिचं लक्ष मोबाइलमध्ये. वास आला आणि मी धावले.

"आजी, माझ्यामुळे करपला. सॉरी," ती म्हणाली. एका दमात! कुंपण नाही, लाकडं नाहीत, काही नाही. मला तर थोडा रागच आला. इतकं सोपं होतं तर मला कोणी सांगितलं का नाही?

गुडघे दुखतात म्हणून जाऊ खुर्चीत बसली होती. खुदकन हसली. "बघ गो नेवरी. तिची एसटी वाचली."

मी नातसुनेला बाजूला सारलं आणि भांडं घासायला घेतलं. जावेने खुर्ची ओढली, तांब्या उचलला.

"घाल गो पाणी," मी म्हटलं.