शोभाताईंचा रविवारचा क्लास

शोभाताई वारल्या.
देवाघरी गेल्या असं मी नाय लिहिणार. त्यांना असलं गोड बोललेलं आवडायचं नाय.

आज महिना झाला. आणि आज मला त्यांच्या जागेवर उभं राहायचं होतं.

माहीत नाय त्यांना सांगते. नाशिक रोडला आमच्या घराजवळच्या लायब्ररीत, वरच्या हॉलमध्ये ताई दर रविवारी मोठ्या पोरापोरींचा क्लास घ्यायच्या. फुकट.
जुने पेपर फाडायचे, भिजवायचे, कुटायचे. त्यात चिकटपणाला भिजवून वाटलेले मेथीदाणे. मग तो लगदा उपड्या पातेल्यावर थापून टोपल्या करायच्या.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शाळा सुटलेली. आईबरोबर बाजारात मेथी-शेपू घेऊन बसायचे.
दारातनंच विचारलं, "मी शाळेत नाय जात. चालंल का?"
"हात आहेत ना? धू आणि ये."

एकदा ताईंनीच घोळ केला. चष्मा घरी, आणि त्या दिवसाचा ताजा पेपर बादलीत.
खाली वाचायला येणारे आजोबा लय भडकले.
"अहो बाई, आजचा पेपर कुठंय?"
"भिजतोय, काका. या वर, मिळून कुटू."
एक आजोबा खरंच आले. बाह्या वर करून लगदा मळला आणि जाईपर्यंत कुरकुर, "क्रिकेटचं पान तरी ठेवायचं!"
हसून हसून आमचं पोट दुखलं.

मग माझं लग्न झालं. पोरगी झाली.
आणि मला भीतीच बसली. ती झोपली तरी नाकाजवळ बोट धरून बघायचे. बाहेर पडायचं म्हणलं की दारातनंच मागं फिरायचे.
ताई घरी आल्या. "रविवारी ये तिला घेऊन."
"कुठं ठेवू हिला?"
"एवढ्या टोपल्या केल्यास ना गं? ठेव एकीत."
तेव्हापासून जायला लागले. आठवड्यात तेवढा वेळच मला भीती वाटायची नाय.

ताई गेल्यावर लायब्ररीतले सर म्हणले, "तू घेतेस का क्लास? नायतर हॉल दुसऱ्यांना द्यावा लागंल."
मी नाय म्हणून आले. अकरावी-बारावीची पोरं. फाडफाड इंग्लिश. मी सहावी.
पण नंतर रविवारी पण हॉलला कुलूप दिसायचं. बघवंना.

आज गेले. पोरगी कडेवर.
लगदा पातळ झाला. टोपली खालीच बसली.
एक पोरगी म्हणली, "मॅडम, ही तर खिचडी झाली!"
सगळे हसले. मी पण.
आणि सवयीनं मागं वळून बोलले, "ताई, अजून किती पिळू?"

मागं कोणीच नव्हतं.

मग तीच पोरगी हळूच म्हणली, "तुम्हीच सांगा ना."

मी सांगितलं. "मूठ दाबली की पाणी टपकलं नाय पाहिजे."
सगळ्यांनी मुठी दाबल्या.

सरांना सांगून आले, हॉल कोणाला देऊ नका.

ताई, भीती अजून हाय. तुमची आठवण तिच्यापेक्षा लय जास्त हाय.
या आता. नमस्कार करते.